आधी साधं मागा

मुंबईतल्या ‘बेस्ट सँडविच’च्या याद्या फोनवर रोज येऊन आदळतात. फोटो सगळ्यांत तोच. वर किसलेल्या चीजचा ढीग, कडेने मेयोनीज ओघळतंय आणि ब्रेड शोधावा लागतोय. अशा सँडविचला साडेचार तारे देणाऱ्यांशी माझं उभं भांडण आहे. चीजखाली शिळा बटाटा खपतो, पाणचट चटणी खपते, कालचा ब्रेडही खपतो. म्हणून नव्या गाडीवर पहिल्यांदा मागायचं ते साधं सँडविच. टोस्टही नको, चीजही नको. जी गाडी साध्यात नापास झाली, तिला पुढच्या पेपरला बसवू नये.

ऑर्डर देण्याआधी जरा बाजूला उभं राहून त्या माणसाचे हात बघा. जाणता सँडविचवाला बटर स्लाइसच्या चारही कोपऱ्यांपर्यंत नेतो. ते चवीसाठी असतंच, पण त्याचं दुसरं काम मोठं आहे. बटरचा थर चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरू देत नाही. मधोमध एक फटकारा मारून सोडून दिलं, की तिसऱ्या घासाला हातात लगदा येतो.

दहापैकी पाच गुण मी एकट्या चटणीला देतो. कोथिंबीर, हिरवी मिरची, थोडा पुदिना, लिंबू, मीठ. दाटपणासाठी कुणी डाळं घालतो, कुणी ब्रेडच्या कापलेल्या कडा वाटणात टाकतो. दोन्ही चालतं. पाणी घालून वाढवलेली चटणी मात्र चालत नाही. चमच्यावरून ती थेंब थेंब गळत असेल तर पुढची गाडी गाठा. रंगही बघा. सकाळी वाटलेली चटणी दुपारपर्यंत काळपट पडायला लागते. चालत्या गाडीवर तोवर पहिला डबा संपून दुसरा उघडलेला असतो, आणि तो हिरवागार दिसतो.

बटाटा उकडून पूर्ण गार झालेला हवा, म्हणजे सुरीखाली भुगा न होता पातळ चकत्या पडतात. बीट असावं, पण एखादीच चकती. मसाल्यात मीठ असतं. तो टोमॅटो-काकडीवर पडला की पाणी सुटू लागतं आणि तिथून वेळ मोजायची. हे सँडविच गाडीपाशी उभं राहूनच खायचं असतं. घरपोच मागवायचं, डब्यात वाफ धरून मऊ पडलेला टोस्ट अर्ध्या तासाने खायचा आणि वर गाडीला दोन तारे द्यायचे, हा सरळसरळ अन्याय आहे.

साध्यात पास झाला तर मसाला टोस्ट मागा. लांब दांड्यांचा, बिजागरीचा तो साचा आचेवर उलटसुलट होत असतो, बाहेरून बटर लागत असतं. चांगल्या टोस्टची कड खरपूस होऊन मिटते, आतला बटाटा चटका देतो आणि कांदा तरीही कचकचीत राहतो. मग सहा तुकडे, वर चटणी, सॉस, शेव. इलेक्ट्रिक ग्रिलचं सँडविच मला पटत नाही. दाबाने टोमॅटो बाहेर येतो आणि ब्रेडचा पापड होतो.

गाड्या शोधायच्या कुठे? माटुंग्याला रुईया नाक्यावर, पार्ल्यात मिठीबाईच्या आसपास, फोर्ट आणि चर्चगेटच्या ऑफिसांच्या गल्ल्यांत. तिथे तीच माणसं रोज येतात, मोजके पैसे घेऊन येतात आणि चव घसरली की दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीवर दिसतात. इतका कडक परीक्षक कुठल्याच अॅपकडे नाही. २०२४मध्ये टेस्टअॅटलसच्या जागतिक सँडविच-यादीत आपला वडापाव १९वा आला. आनंद आहे. पण दादरला उतरलेल्या भुकेल्या माणसाने कुठल्या गाडीवर जावं, ते त्या क्रमांकावरून कळत नाही.

एका बाबतीत मी गाडीवाल्यांचीही गय करत नाही. छापील वर्तमानपत्रावर सँडविच दिलं की दोन गुण वजा. शाई अन्नात उतरते, आणि केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३मध्ये पुन्हा एकदा हा कागद वापरू नका असं सांगितलं आहे. स्वस्त प्लेटा मिळतात, त्या वापराव्यात.

तारे देण्याची घाई असेल तर एक करा. सँडविच आवडलं तर फोन बाहेर काढण्याआधी बनवणाऱ्याला सांगा, ‘भैया, चटणी झकास आहे.’ बिघडलं असेल तर तेही तोंडावर सांगा, ‘आज पातळ झाली.’ उद्या त्याला तिथेच उभं राहायचं असतं, त्यामुळे तो ऐकतो. अॅपवर लिहिलेलं त्याच्यापर्यंत बहुधा पोचतही नाही. या आठवड्यात तुमच्या स्टेशनबाहेरच्या गाडीवर थांबा आणि एक साधं सँडविच खा. चीज घालू का असं तो विचारेल. नको म्हणा.