मूर्खपणाची महती

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खाला दिला आणि दहावा पढतमूर्खाला. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवताना मला हे दोघेही दरसाल भेटले. त्यातल्या पहिल्याची स्तुती करायला मी बसलो आहे.

एकदा लहान आतड्याचा तास चालू होता. 'नीट'सुद्धा मराठीतून दिलेली एक मुलगी उभी राहिली. "सर, यू टोल्ड इलियम इज बोन. टुडे इलियम इज आतडं. हाऊ?" वर्ग खो खो हसला.

प्रश्न मात्र बिनतोड होता. दोन शब्दांचा उच्चार एकच. स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'ई' आला तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' आला तर कमरेचं हाड. हसणाऱ्यांना हा फरक विचारला, तेव्हा बऱ्याच माना खाली गेल्या. त्यांचं इंग्रजी सफाईदार होतं. न कळलेल्या शब्दावरूनही ते न अडखळता पुढे जात.

तेव्हा अडखळणं हे मूर्खाचं पहिलं लक्षण, आणि ते पूजनीय आहे.

दुसरं लक्षण म्हणजे पाठ करण्याआधी शब्द फोडून बघणं. त्या मुलीच्या वहीत नडगीच्या टिबियापुढे 'बासरी' लिहिलेलं असे, कानातल्या कॉक्लियापुढे 'गोगलगाय'. लॅटिनमध्ये त्यांचे अर्थ तेच आहेत. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, हे तिने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. रक्तातली साखर उतरली की चढली, एवढं त्या दोन अक्षरांवर ठरतं. एकाला साखर द्यायची, दुसऱ्याला बहुधा इन्सुलिन. तिथे लाजून गप्प बसणं रोग्याच्या जिवावर बेतू शकतं.

तिसरं लक्षण, चारचौघांत चुकीचं बोलायची तयारी. 1883 साली आनंदीबाई जोशी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं. वय अवघं सतरा. शहाण्या जगाने त्या बेताला वेड म्हटलं. 1886 मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या.

2019 च्या नव्या अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षाच्या आरंभी फाउंडेशन कोर्स आणला. त्यात इंग्रजीलाही जागा आहे आणि स्थानिक भाषेलाही. त्या तासांना व्याकरणाचे नियम जरूर शिकवा. पण त्याआधी वर्गाला एक शपथ द्या, की कुणी चुकलं तर हसायचं नाही. जीभ मोकळी झाली की व्याकरण मागून येतं.

ती मुलगी पुढे इंटर्न झाली. एकदा वॉर्डात एक आजी तिला सांगत होत्या, "हातात मुंग्या येत्यात गं बाई, कसंतरी होतंय." मुंग्या काय आणि कसंतरी काय, दोन्ही शब्द सगळ्यांना कळल्यासारखे वाटतात. ही थांबली. "आजी, कसंतरी म्हणजे कसं? टोचतं, की हात बधिर पडतो? किती बोटांत?" आजींनी अंगठा आणि शेजारची दोन बोटं पुढे केली. तेवढ्यावरून मनगटात दबलेल्या नसेची शंका आली. मग तिने केसपेपरवर ते सारं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं.

पहिल्या वर्षी तिला हसून गप्प केलं असतं, तर आजींना ती बोटं कुणी विचारली असती?