सुतावरून न्यूयॉर्क

आमच्या गल्लीतलं कुणी परदेशी निघालं, की बॅगेच्या आधी अप्पा दारात येतात. अप्पा चादरीच्या कारखान्यातले निवृत्त हिशेबनीस. विमानात आजवर बसलेले नाहीत. पण जगातली कुठलीही दोन शहरं सांगा, अप्पा खिशातून सूत काढतात, नातवाच्या पृथ्वीगोलावर ताणतात आणि अंतर सांगून मोकळे होतात.

शेजारच्या काकू लेकाकडं न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हा गोल काखेत मारून अप्पा हजर. सूत मुंबईहून निघालं ते नॉर्वे, आइसलँड करत, ग्रीनलंडच्या टोकाला शिवून न्यूयॉर्कात उतरलं.

"साडेबारा हजार किलोमीटर!"

"अगंबाई, एवढा वळसा? नकाशात तर सरळ पश्चिमेला दिसतंय."

"नकाशा चपटा असतोय काकू. कलिंगडावर पट्टी ठेवून बघा, बसती का! गोलावर हीच वाट जवळची. जाताना सोळा तास. येताना दीड-दोन तास कमी, वर पश्चिमेकडनं जोराचं वारं असतंय. आता मजा ऐका. रात्री दोनला उडालात, तर तिथं सकाळी साडेआठला उतरताय. घड्याळात साडेसहाच तास! हिवाळ्यात तर साडेपाच."

काकूंच्या हातात कडक भाकरी होत्या, पुढ्यात शेंगाची चटणी. त्या म्हणाल्या, "मग भाकरी सोळा तासांच्या बांधू, का साडेसहाच्या?"

अप्पा प्रथमच गप्प झाले. मग म्हणाले, "सोळाच्या. पोटाला घड्याळ कळत नाही."

१५ जून २०२३ ला विमानांच्या वाटेतली आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. अख्खं गाव चिमणीकडं बघत होतं, अप्पा सूत गुंडाळत होते. ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरनं गोव्याचं विमान उडालं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं. आम्ही म्हटलं, "अप्पा, आता तरी बसा."

अप्पांनी वही काढली. "सुतानं मुंबई तीनशे साठ किलोमीटर, रुळानं चारशे पंचावन्न. पण घर ते विमानतळ अर्धा तास, तिथं आधी जाऊन बसायचं दीड तास, हवेत सव्वा, मुंबईत उतरून दादर गाठायला एक. झाले सव्वाचार."

"आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं?"

"शून्य. रात्री पाठ टेकायची, डोळे उघडायचे दादरला. झोपेतला वेळ प्रवासात धरत नाहीत बे!"

हिशेब बिनतोड होता. परवा त्यांच्यासोबत मुंबईला जायचा योग आला. सिद्धेश्वरनंच. मधनंच जाग यायची तेव्हा कानावर पडायचं, "कुर्डुवाडी, चार मिनिटं लेट"... "पुणे, वेळेवर"... "कल्याण, दोन मिनिटं आधी."

अप्पा रात्रभर जागे होते.