कुठलं मुरुड?

"काकू, कुरडया वाळल्या का हो?"

"वाळतायत गं. तू सांग, कोकणात निघालात म्हणे. तुझा धाकटा कंपाउंडवर चढून सगळ्या गल्लीला ओरडून सांगतोय, आम्ही जंजिरा बघणार!"

"हो ना, शनिवारपासून तीन दिवस. मुरुडला. ह्यांनी बुकिंगसुद्धा करून टाकलं."

"कुठलं मुरुड?"

"म्हणजे?"

"अगं, मुरुडं दोन आहेत. जंजिऱ्याचं रायगडात, दुसरं आमच्या दापोलीचं. रस्ता कुठून सांगितलाय हॉटेलवाल्याने?"

"ताम्हिणी उतरून माणगाव, मग आंबेत, मंडणगड..."

"झालं! मंडणगड लागलं म्हणजे दापोलीचंच. आता तिथून जंजिरा गाठायचा तर वेसवीला एक फेरीबोट, दिघीला दुसरी. पोरं रांगेतच मोठी व्हायची."

"अगंबाई! आता कार्ट्याला सांगू काय?"

"सुवर्णदुर्ग बघू म्हण. हर्णैसमोर भर पाण्यात उभा आहे. शिवाय काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. एकाच्या बदल्यात चार! आणि मी म्हणते, कर्वेनगरात राहणाऱ्यांनी जायचं तर ह्याच मुरुडला. महर्षी कर्वे तिथलेच ना! परीक्षेला बसायला मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, घाट चढून. आणि तिथे साहेब म्हणाला, वय लहान दिसतंय, बसता येणार नाही. पोरं एसी वाढव म्हणाली की हे सांगायचं."

"ऐकतायत! त्यांना पाण्यात कधी सोडायचं ते सांगा. हॉटेलवाला म्हणतो, नऊला नाश्ता करा नि मग बीचवर जा."

"त्याचं काय जातंय! शनिवारी तिथी कुठली, बघ कॅलेंडरात."

"बघितलीय, एकादशी. उपास करायचा का?"

"उपास कसला! तिथीची पाऊणपट कर. अकराची पाऊणपट किती?"

"थांबा हं... सव्वाआठ."

"मग सव्वाआठच्या सुमाराला भरती पूर्ण. थोडं इकडेतिकडे धर, समुद्र काही घड्याळ लावून बसलेला नाही. सकाळी एकदा, रात्री पुन्हा तेवढ्यालाच. रविवारी द्वादशी, म्हणजे नऊ. रोज पाऊण तास पुढे. आमच्या आजोळच्या कोळणी हा हिशेब बोटांवर करायच्या, शाळेचं तोंड न बघता."

"म्हणजे नाश्ता करून गेलो तर..."

"ओहोटी लागलेली. जाणारं पाणी पायाखालची वाळू घेऊन जातं. पोरांना न्यायचं ते पाणी चढतं असताना. सकाळी साडेसहाला उठवून काढ, नाही तर चारनंतर. तेही गुडघ्यापर्यंत, आणि आपण पाण्याच्या बाजूला उभं राहायचं, मोबाइल खोलीवर. मधली दुपार नारळाखाली झोपा काढा. अडीचला वाळू लांबच लांब मोकळी पडते, कशी फरशीसारखी दिसते. तिथेच माणसं फसतात. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले जावईबापू आठव."

"ते पांढऱ्या गाडीवाले?"

"हळू बोल, त्यांच्या कामवाल्या बाई आत्ताच गेल्यात इकडून. गेल्या मे महिन्यात गाडी घातली की वाळूवर! व्हिडिओ काढायचा होता. एक चाक रुतलं. जावयांनी रेस दिली, दुसरं रुतलं. तोवर भरती लागली. पाणी दारापर्यंत, सासूबाई आत, मांडीवर आंब्याची पेटी. शेवटी गावातला ट्रॅक्टर आणून ओढली."

"आणि आम्हाला सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय!"

"महिनाभर सर्व्हिसिंग! सासूबाई वर मला म्हणाल्या, जावयाला समुद्राची भारी ओढ."

"अय्या, म्हणूनच! त्यांची लेक परवा म्हणत होती, एसी लावला की सुक्या बोंबलाचा वास येतो."

"येणारच. खारं पाणी शिरलं की सुटका नाही. बरं, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती चुकवू नका, उजव्या सोंडेचा आहे. आणि संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव दाखव पोरांना. शिकवणीपेक्षा बरं गणित ऐकायला मिळेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिन्यातच काय ते."

"येताना काय आणू तुम्हाला?"

"आमसुलं आण. आगळ आण, बिनसाखरेचं. आणि हे बघ... जरा जवळ ये. चांगले सोडे दिसले तर पावशेर. कागदात नीट गुंडाळून भिंतीवरूनच दे, दारातून नको. ह्यांची समजूत आहे, लग्न झालं तेव्हापासून मी सोडलंय सगळं."

"आणि काकांना वास आला तर?"

"सांगेन, जावईबापूंची गाडी गेली."