खांदा: अनामत नाही, ब्रेक नाही

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये बाबागाडी भाड्याने मिळते. आपली मंडळी ती आवर्जून घेतात, तीत पाण्याच्या बाटल्या, स्वेटरं आणि आजीची पर्स ठेवतात आणि पोराला कडेवर घेऊन दिवसभर ती ढकलत हिंडतात. डॉलर दिलेत, वसूल नको?

गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते. वैनगंगेच्या वाळूत बाबागाडी नेली, तर पोर आणि गाडी दोन्ही उचलावी लागतील. म्हणून तिथलं अधिकृत वाहन बापाचा खांदा. वरून देवळाचा कळस, आकाशपाळणा आणि जिलेबीचं दुकान एकदमच दिसतं. दुकान दिसलं की चालकाच्या कानांचं हँडल होतं. गाडी ओली झाल्यास जबाबदारी अर्थात चालकाचीच.

ताडोबात चाकांची सोय आहे. १९५५ सालचं हे राष्ट्रीय उद्यान जिप्सीत बसून बघायचं, खाली उतरायला बंदी. त्यात पोरानं भोकाड पसरलं की गाडीतले सगळे त्याच्याकडे असे बघतात, जणू वाघ दारापर्यंत येऊन परत गेला. वाघाचा मुळात येण्याचा विचारच नव्हता, हे गाइडला ठाऊक असतं. पण त्यालाही आयतं कारण मिळतं.

बाबागाडी संध्याकाळी परत करता येते. खांद्याचा करार मात्र पोर शाळेत जायला लागलं तरी संपत नाही. "घ्या ना जी, थकलं लेकरू," असं बायको म्हणते. दोन पिशव्या, जेवणाचा डबा आणि कडेवरची धाकटी सांभाळत.