दिवाणखान्याचा जीर्णोद्धार

जुना दिवाणखाना नव्याने सजवण्याची मुंबईकर मराठी कुटुंबाची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. आधी आजोबांचं बर्मा सागवानाचं कपाट भंगारात जातं. तीन पिढ्या वाळवीला दाद न देणारी वस्तू बाळगणं हे मागासलेपणच. त्या जागी एमडीएफचं टीव्ही युनिट येतं. ओल्या फडक्याचं पाणी मुरलं की त्याच्या कडा पुरीसारख्या फुगतात. पुढच्या नूतनीकरणाची सोय आपोआप होते.

मग नक्षीदार सिमेंटची फरशी. १९२२ साली मुंबईत सुरू झालेली भारत टाइल्स ती आजही हाताने घडवते, पण हाताने घडवलेलं घरात कोण ठेवतो? ती फोडून संगमरवराचा छाप मारलेली व्हिट्रिफाइड टाइल बसते.

जेवणाचं टेबल सहा खुर्च्यांचंच हवं. त्यावर इस्त्रीचे कपडे, लाइटबिलं आणि लोणच्याची बरणी मानाने बसतात. माणसं सोफ्यावर, ताट मांडीवर.

शेवटी डिझायनर म्हणतो, "इथे एखादा व्हिंटेज पीस हवा." मंडळी जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात जातात. पॉलिश केलेलं सागवानी कपाट पसंत पडतं. दाराच्या आत आजोबांच्या अक्षरातला दुधाचा हिशेब शाबूत आहे.

दुकानदार भावात घासाघीस करत नाही. घरपोच पोचवण्याचे पैसे वेगळे.