परवानगी मिळेल, बंदूक कुठून आणायची?

इगतपुरी तालुक्याचा खरीप म्हणजे भात. लोंब्या भरू लागल्या की रानडुकरांचे कळप खाचरात उतरतात आणि खातात त्याहून जास्त तुडवून, उकरून वाया घालवतात. मग बांधावर माळा, शेकोटी, डबे बडवणं आणि रात्रभर राखण. दिवसा पंचनाम्यासाठी हेलपाटे.

सरकारचं उत्तर कागदावर तयार आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 प्रमाणे उभं पीक नासणाऱ्या रानडुकराच्या पारधीला परवानगी देता येते. 2015 मध्ये राज्याने हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणला. ठीक. पण डोंगरकपारीतल्या ठाकर, महादेव कोळी शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक आहे का? त्याच्याकडे कोयता आणि बॅटरी. मग कुणीतरी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. तो गुन्हा आहे, जीवघेणा आहे. त्या तारेला शेजारचा माणूस, गाय, बिबट्या, कुणीही चिकटतो. हे थांबायलाच हवं, पण नुसते गुन्हे नोंदवून थांबणार नाही.

दुसरी खोट हद्दीची. परवानगी एका अर्जदाराच्या शिवारापुरती, कळप मात्र अख्ख्या डोंगराचा. इकडे हाकलला की तो अकोल्याच्या नाहीतर शहापूरच्या रानात. तिथे जिल्हा वेगळा, वनाधिकारी वेगळा. चार दिवसांनी कळप परत हजर.

अमेरिकेत मोंटाना, कोलोरॅडो या राज्यांत एल्क या मोठ्या हरणाचा असाच प्रश्न आहे. तिथलं वन्यजीव खातं राज्याचे शिकार-विभाग पाडतं, हवाई मोजणी करतं आणि विभागागणिक परवाने ठरवतं. संख्या फार वाढली तर माद्यांचे परवाने वाढवतात, कारण नर टिपून पैदास आटोक्यात येत नाही. तिथल्यासारखी हौशी शिकार आपल्याकडे मुळीच नको. पण आधी मोजणी, मग बंदूक, हा क्रम घ्यावा.

केरळने 2022 मध्ये रानडुकराबाबतचा आदेश काढायचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. गोळी झाडायची ती परवानाधारकाने. आपल्याकडे नाशिक, ठाणे आणि अहिल्यानगरच्या वनाधिकाऱ्यांनी पुढच्या भातापूर्वी एकत्र मोजणी करावी. ग्रामसभेने मागणी केली की वनखात्याने स्वतःचं प्रशिक्षित पथक पाठवावं, आणि त्याचा एक रुपयाही शेतकऱ्याच्या माथी मारू नये.