सुखनाकाठचा नियोजन आयोग

दिल्लीतला नियोजन आयोग १ जानेवारी २०१५ ला मोडीत निघाला आणि त्याच्या जागी नीती आयोग आला, ही बातमी चंडीगडमध्ये कोणी फारशी मनावर घेतलेली नाही. सुखना तलावाच्या बांधावर रोज सकाळी सहाला आयोगाची बैठक भरते. गणसंख्येची अडचण येत नाही, कारण दोघे जमले तरी मते पाच असतात. इतिवृत्त लिहिण्याची पद्धत नाही, त्यामुळे काल आपण नेमके उलटे बोललो होतो हे कोणी सिद्ध करू शकत नाही. वीज, पाणी, विज्ञान, दळणवळण आणि दम उरलाच तर परराष्ट्र धोरण, एवढे विषय रेग्युलेटर एंडला जाऊन परत येईपर्यंत निकालात निघतात.

या आयोगातले मराठी सदस्य म्हणजे काका. काका हे कोणा एकाचे नाव नव्हे, तो एक वाण आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी हा वाण बदलीच्या कागदावर इथे आला. कोणी प्रयोगशाळेत, कोणी लेखापरीक्षेच्या कचेरीत, कोणी चंडीमंदिरच्या छावणीत. येताना घरी सांगून आला होता, ‘दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे.’ मग मुले इथल्या शाळेत पंजाबीतून भांडायला शिकली, काकू मेथीच्या भाजीइतक्याच सहजतेने सरसों का साग घोटू लागल्या, दक्षिणेकडच्या सेक्टरांतल्या सोसायटीत फ्लॅट मिळाला आणि परतीचा प्रश्न लांबणीवर पडत पडत पेन्शनवर येऊन थांबला. आमच्या सोसायटीतले काका सरकारी प्रयोगशाळेतले. उपकरणे जुळवण्यात हयात गेली. डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर, हातात घडी घातलेले वर्तमानपत्र. ते वाचण्यासाठी नसते, घरी वाचून झालेले असते. ते बोलताना समोरच्याच्या दंडावर मारण्यासाठी असते.

मते असलेली माणसे पुण्यातही असतात, नागपुरातही असतात. पण तिथे त्यांना शिव्या घालायला राज्य सरकार एकच मिळते. चंडीगड पंजाबची राजधानी, हरियाणाची राजधानी आणि स्वतः केंद्रशासित. म्हणजे न्याहारीच्या आत तीन सरकारे हातावेगळी करता येतात आणि चौथे, दिल्लीचे, चहाबरोबर. शिवाय हे शहरच मुळात कागदावर आधी उभे राहिले. ल कॉर्बुझिए नावाच्या वास्तुकाराने आठशे मीटर गुणिले बाराशे मीटरचे चौकोन आखले, रस्त्यांना व्ही-१ पासून व्ही-७ पर्यंत दर्जे लावून दिले, आणि १९५८ साली डोंगरातून येणारा ओढा अडवून तलावसुद्धा करून दिला. ज्या गावात तळे देखील आराखड्याप्रमाणे मिळते, तिथे राहणाऱ्याला वाटू लागते की उरलेला देशही नीट पट्टी धरून आखला असता तर सुधारला असता. काकांना तसे मनापासून वाटते. पट्टी मात्र आपल्या हातात हवी.

काकांच्या मतांचा एक नियम मला पुष्कळ निरीक्षणानंतर सापडला आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे न्यूटन सांगून गेला. काकांची खात्री अंतराच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा ते कसे उतरवायचे याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शहराच्या मेट्रोबद्दल ती थोडी असते: जमिनीखालून न्यावी की वरून, यावर मत ठाम आहे, पण महिन्यातून एकदा बदलते. सोसायटीच्या लिफ्टबद्दल ते ‘बघू या’ म्हणतात. आणि स्वतःच्या घरातल्या गळक्या नळाबद्दल विचारले की ‘काकूला विचारा.’

अणुऊर्जा हा त्यांचा आवडता प्रांत. यात ते हवेत बोलत नाहीत. भाभांनी आखलेले तीन टप्पे ते चालता चालता बांधावरच्या फरशीवर छत्रीच्या टोकाने काढून दाखवतात. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी. त्यातून निघालेले प्लुटोनियम घालून दुसऱ्या टप्प्यात अशी भट्टी, की जी जाळते त्याहून जास्त इंधन तयार करते. आणि तिसऱ्यात थोरियम, जे केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत पडून आहे. कल्पाक्कमच्या पाचशे मेगावॉटच्या प्रजनक भट्टीचे काम २००४ मध्ये सुरू झाले आणि तिच्यात गाभा भरायला मार्च २०२४ उजाडला, हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो की समोरून धावत येणारी तरुण पोरे कानातली यंत्रे काढून बघतात. हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यात गोरखपूरला सातशे-सातशे मेगावॉटच्या चार भट्ट्या मंजूर आहेत. काकांना चार कमी वाटतात. ‘आठ टाका,’ ते म्हणतात. ‘जागा भरपूर आहे, नुसती शेतं तर आहेत.’

एकदा आयोगातले चौधरीसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले आणि त्याच भागात वडिलोपार्जित जमीन असलेले, शांतपणे म्हणाले, “तुमच्या रत्नागिरीला पण मोठा प्रकल्प येणार होता ना? जैतापूर की काय ते.”

काका बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती. जैतापूरला एक हजार सहाशे पन्नास मेगावॉटच्या सहा भट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉट, हे आकडे आयोगाला काकांनीच पूर्वी पाठ करून दिले होते. पण काकांचे मूळ घर राजापूर तालुक्यातले. बागेत कलमे आहेत, वाटणी अजून व्हायची आहे.

“तिथलं वेगळं आहे,” काका वर येत म्हणाले. “तिथे हापूस आहे.”

“अर म्हारा गेहूँ?”

“गव्हाला काही होत नाही,” काका म्हणाले, आणि वर्तमानपत्राने चौधरीसाहेबांच्या दंडावर मारले.

ऑक्टोबर लागला की हवेचा विषय वर येतो. दिवाळीच्या आगेमागे शिवालिकचे डोंगर धुरकटतात आणि आयोगाचे सदस्य मास्क लावून बोलतात, त्यामुळे बोलणे कमी होते असे मात्र नाही. पराली का जाळतात, हे काका इतके नेमके सांगतात की कृषी विद्यापीठाने त्यांना बोलवावे. पंजाबात शेतीपंपाला वीज फुकट, म्हणून भूजल उपसले गेले. ते वाचवायला २००९ चा कायदा आला: ठरलेल्या तारखेच्या आत भाताची लावणी करायची नाही. लावणी जूनमध्ये ढकलली, तशी कापणीही पुढे गेली. गहू तर नोव्हेंबरमध्ये पेरायलाच हवा. मध्ये उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे आणि शेतात उभी धसकटे. काडेपेटी दोन रुपयांना मिळते. पाणी वाचवायला गेलो आणि हवा घालवली, असा काकांचा निष्कर्ष, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. सेक्टर २६ च्या चौकात सप्टेंबर २०२१ मध्ये हवा शुद्ध करणारा चोवीस मीटरचा मनोरा बसवला, त्याला काका ‘सरकारी उदबत्ती’ म्हणतात.

हे सगळे ऐकून घेतल्यावर सरदारजी, ज्यांचा भाऊ संगरूरकडे शेती करतो, दाढीवरून हात फिरवत विचारतात, “वीर जी, तुसीं कदे झोना लाया है?” भाताची लावणी काकांनी केलेली नसते. त्यांनी ती लहानपणी राजापूरला माजघराच्या खिडकीतून बघितलेली असते. मग सरदारजी पुढे विचारतात की तुमच्या मराठवाड्यात प्यायचे पाणी टँकरने येते तिथे ऊस का लावतात. यावर काका सांगतात की तो सहकाराचा विषय आहे आणि तो बाहेरच्याला कळायचा नाही.

मोहालीच्या चिपचे दुःख मात्र अस्सल आहे. तिथल्या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये चिप बनू लागल्या. जगाला आज चिप पुरवणारी तैवानची कंपनी स्थापन झाली १९८७ मध्ये. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीच्या कारखान्याला आग लागली आणि सगळे बसले. ही तीन साले काका एखाद्या घरच्या माणसाचे आजारपण सांगावे तशी सांगतात. आग कोणी लावली याबद्दलचा त्यांचा संशय दर हिवाळ्यात देश बदलतो, पण आगीआधीच्या त्या पाच वर्षांबद्दल बोलताना ते दंडावर वर्तमानपत्र मारायला विसरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मोहालीत तयार झालेला ‘विक्रम’ प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती दिल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. ‘१८० नॅनोमीटर म्हणजे जुनं तंत्र आहे हो,’ असे कोणी तरी म्हणाले. त्याला पेढा मिळाला नाही.

अलीकडे नातवाने त्यांना फोनमध्ये एआय घालून दिला. आठवडाभर काकांनी त्याच्याशी भाखड्यापासून बुलेट ट्रेनपर्यंत वाद घालण्याचा प्रयत्न केला. यंत्र दर वेळी म्हणे, ‘आपण अगदी महत्त्वाचा मुद्दा मांडलात.’ लग्नाला पन्नास वर्षे होत आली, एवढ्या काळात घरात हे वाक्य काकांनी ऐकले नव्हते. सुरुवातीला ते सुखावले. मग त्यांना शंका आली. त्यांनी मुद्दाम उलटे मत टंकले. तेही महत्त्वाचे निघाले. ‘याला कणा नाही,’ असे म्हणून त्यांनी ते काढून टाकायला सांगितले. सहमती हा काकांच्या दृष्टीने संवादाचा शेवट असतो.

एवढे लिहून झाल्यावर फेब्रुवारी २०२२ बद्दल सांगितले नाही तर अन्याय होईल. वीज खात्याच्या खासगीकरणाविरुद्ध कर्मचाऱ्यांनी संप केला आणि शहराचा मोठा भाग दीड दिवसाहून जास्त अंधारात गेला. चौकातले सिग्नल बंद, वरच्या मजल्यांवर पाणी नाही. शेवटी लष्कराच्या अभियंत्यांना बोलवावे लागले. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. काकांनी त्या रात्री एकही मत दिले नाही. जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलने हिशोब मांडला: यंत्र ३५० वॉटचे, इन्व्हर्टरची बॅटरी बारा व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची, कागदावर पाच तास, प्रत्यक्षात चार धरा. मग घरोघर जाऊन कोणाची बॅटरी किती जुनी आहे ते विचारले, त्याप्रमाणे पाळ्या लावल्या, आणि दर चार तासांनी साठेक किलोची बॅटरी लिफ्टशिवाय वर चढवायला चार पोरे उठवली. आपल्या घरची बॅटरी पहिल्या पाळीला लावली. काकू मेणबत्तीत पोळ्या करत होत्या. वीज येईपर्यंत ते यंत्र थांबले नाही. भिंतीवरचा तो हिशोब रंगकामात पुसू द्यायचा नाही, असा ठराव सोसायटीने एकमताने केला. एकमत झालेला आमचा हा एकमेव ठराव.

वीज आली तशी मतेही आली. रेल्वे, बँका आणि विमानतळ यांच्या खासगीकरणाचे काका पुरस्कर्ते. पण १ फेब्रुवारी २०२५ ला शहराची वीज खासगी कंपनीकडे गेली, तेव्हा त्यांनी आयोगापुढे दाभोळ काढले. गुहागरजवळचा एन्रॉनचा प्रकल्प, १९९९ मध्ये सुरू, २००१ मध्ये बंद, मधल्या काळात महाराष्ट्राच्या वीज मंडळाच्या नाकी नऊ. ‘उत्पादन वेगळं, वितरण वेगळं,’ चौधरीसाहेब म्हणाले. ‘बिल तर माझ्याच घरी येणार ना?’ काका म्हणाले. अंतराचा नियम पुन्हा एकदा खरा ठरला.

आता सौरऊर्जेचे. छतावर पॅनेल बसवा, हे काका इतकी वर्षे सांगत आले आहेत की सोसायटीच्या वॉचमनलाही नेट मीटरिंग समजते. २०२४ मध्ये केंद्राची योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. काकांनी फाइल केली. मार्चमधला आणि डिसेंबरमधला सूर्याचा कोन, पाण्याच्या टाकीची सावली, पैसे वसूल व्हायला लागणारा काळ, सगळे तक्ते तयार. छत सामाईक, म्हणून विषय सर्वसाधारण सभेत गेला. छताची खरी मालकी मात्र हिवाळ्यात तिथे उन्हाला बसणाऱ्या महिलामंडळाकडे आहे. रजया तिथे वाळतात, गजक तिथे खाल्ली जाते, अर्ध्या सोसायटीची सोयरीक तिथे जुळते. काका लढाईच्या तयारीने सभेत गेले. आणि घडले भलतेच. महिलामंडळाने पश्चिमेची बाजू सोडून द्यायचे कबूल केले. सरदारजी हो म्हणाले. एरवी चहाच्या खर्चालाही हरकत घेणारे खजिनदार हो म्हणाले.

काका गोंधळले. त्यांच्या आयुष्यात मत मंजूर होण्याचा प्रसंग फारसा आला नव्हता. ते उठले आणि म्हणाले की घाई नको, पॅनेलचे भाव अजून उतरायचे आहेत, शिवाय नवे तंत्रज्ञान येते आहे. आधी एक उपसमिती नेमावी. उपसमितीचे अध्यक्ष अर्थातच काकाच झाले. बाहेर आल्यावर मी विचारले, सगळे तयार असताना हे काय केलेत? काका उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागून येणाऱ्या काकूंनी ते देऊन टाकले.

“मी काल विचारलं होतं त्यांना. मे महिन्यात धुळीची वादळं येतात, दर पंधरवड्याला ती पॅनेलं पुसायची कोणी? तेव्हापासून नवं तंत्रज्ञान येतंय.”